आकाशातली खाण आणि बोईसरची भट्टी

रविवारची वंदना आटोपली होती. बोईसरच्या एका वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग भरायला थोडा अवकाश होता, म्हणून आम्ही सतरंजीवर बसून चहा घेत होतो. तेवढ्यात नववीतला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "काका, आकाशात एक लोखंडाचा दगड आहे म्हणे. तो विकून पैसे वाटले तर जगातला प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल. खरं आहे का हे?"

त्याचे वडील तारापूर एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या भट्टीवर काम करतात. ते हसले खरे, पण लगेच त्यांनीही विचारले, "सर, एवढं लोखंड खाली आलं तर आमच्या भट्टीचं काय होणार?" निघताना एका निवृत्त बंधूंनी आम्हाला बाजूला घेतले व हळू आवाजात म्हणाले, "आकाशातल्या धातूत पैसे लावा, सहा महिन्यांत दहापट होतील, असं एक जण सांगतोय. फंडाचे पैसे नुकतेच हातात आलेत. लावू का?"

एकाच विषयाचे हे तीन प्रश्न. मुलाला आशा वाटते, बापाला धास्ती वाटते आणि आजोबांना मोह पडतो. तिघांनाही "नंतर सांगतो" म्हणून आम्ही घरी आलो आणि अभ्यासाला लागलो. जे समजले ते सर्वच वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहोत.

दगड खरा आहे

प्रथम मुलाला उत्तर. बाळ, दगड खरा आहे. मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मध्ये लहानमोठे असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. काही लघुग्रह पृथ्वीच्या वाटेजवळूनही जातात. आजवर १३ लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झाली आहे. तरीही मंगळ-गुरूमधल्या त्या पट्ट्यातले सगळे दगड एकत्र केले तर त्यांचे वजन आपल्या चंद्राच्या शेकडा तीन भागांएवढेच भरते. त्यातले बहुतेक काळे, कोळशासारखे असून त्यांत कार्बन, माती आणि मातीत मुरलेले पाणी असते. काही साध्या दगडाचे आहेत. थोड्यांत मात्र लोखंड आणि निकेल भरपूर आहे.

मुलाने ऐकलेल्या लघुग्रहाचे नाव आहे सायकी. त्याचा व्यास सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. चर्चगेटहून निघालेली गाडी बोईसर, डहाणू मागे टाकून वलसाडच्याही पुढे जाईल, एवढा हा दगड आडवा आहे. तो सगळा लोखंडाचा आहे असे धरून एका शास्त्रज्ञ बाईंनी बाजारभावाने त्याची किंमत मांडली, ती एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर निघाली. जगाच्या लोकसंख्येने भागले तर माणशी अब्जाहून जास्त डॉलर येतात. मुलाने ऐकलेली गोष्ट येथूनच निघाली. पण त्याच बाईंनी हेही सांगितले होते की हा केवळ कल्पनेतला हिशेब आहे आणि तो धातू पृथ्वीवर आणता येणारा नाही. लोकांनी पहिले वाक्य उचलले, दुसरे सोडून दिले.

शिवाय सायकी निव्वळ लोखंडाचा नसावा असे पुढच्या मोजमापांवरून दिसू लागले आहे. लोखंड पाण्याच्या सुमारे आठपट जड असते. सायकी पाण्याच्या चौपटीच्या आसपासच भरतो. म्हणजे दगड आणि धातू यांची ती मिसळ असावी. खरेखोटे करण्यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी एक यान सोडले आहे. ते तेथे पोचणार २०२९ साली. तेही केवळ पाहणी करणार. एक कणही परत आणणार नाही.

आजवर किती माल आला?

आता हिशेबाची वही उघडू. लघुग्रहावरचा माल माणसाने पृथ्वीवर आणला आहे काय? होय, आणला आहे. जपानचे हायाबुसा हे यान २००५ साली इतोकावा नावाच्या लघुग्रहाला टेकले आणि २०१० साली परतले. त्याने आणले धुळीचे सुमारे दीड हजार कण. जपानच्याच दुसऱ्या यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्‍युगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माल आणला. नासाचे ओसायरिस-रेक्स हे यान २०१६ साली निघाले. बेन्नू नावाच्या सुमारे पाचशे मीटर रुंदीच्या दगडावरून त्याने माल उचलला आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी तो अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटात उतरवला. वजन भरले १२१.६ ग्रॅम, म्हणजे चहापत्तीची एक छोटी पुडी. सात वर्षांचा प्रवास आणि खर्च सुमारे ११६ कोटी डॉलर.

घरातल्या मुलांना हा भागाकार जरूर करायला लावा. त्या वर्षीच्या दराने रुपये केले तर एका ग्रॅमला सुमारे ७९ कोटी रुपये पडले. त्या वर्षी सोन्याचा भाव ग्रॅमला सहा हजार रुपयांच्या आसपास होता.

कोणी म्हणेल, ही तर शास्त्रज्ञांची पहिली मोहीम, पुढे खर्च कमी होईल. अगदी बरोबर. समजा तो एक लाखपट कमी झाला. तरी एका ग्रॅमला सात हजार नऊशे रुपये पडतात. म्हणजे त्या धातूचे एक किलोचे पातेले केले तर ते ७९ लाखांना पडेल. आपल्या बाजारात तसेच स्टेनलेसचे पातेले काही शेकड्यांत मिळते. मग आकाशातून पातेले कोण आणणार?

ज्यांनी प्रयत्न केला ते

आकाशातल्या लोखंडाचा मोह मात्र जुना आहे. आकाशातून पडलेल्या उल्कांच्या लोखंडात साधारण ५ ते २० टक्के निकेल असते. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेला खंजीर अशाच लोखंडाचा असल्याचे २०१६ साली तपासणीत सिद्ध झाले. आपल्याकडे १६२१ साली पंजाबात जालंधरजवळ उल्का पडली. बादशहा जहांगीरने त्या लोखंडात साधे लोखंड मिसळून तलवारी करविल्या. स्वतःच्या आठवणींत त्याने तशी नोंद ठेवली आहे.

तलवारी झाल्या, पण खाण झाली नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात एक किलोमीटरहून रुंद असा उल्केचा खड्डा आहे. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणमालकाची खात्री होती की खड्ड्याखाली कोट्यवधी टन लोखंड पुरलेले आहे. १९०३ पासून त्याने कंपनी काढून खोदायला सुरुवात केली. पंचवीसहून अधिक वर्षे गेली, भरपूर पैसा गेला, लोखंडाचा ढीग काही सापडला नाही. अखेर शास्त्रज्ञांनी हिशेब करून दाखवला की एवढ्या वेगाने आदळलेला दगड उष्णतेने बहुतांशी वितळून वाफ होऊन जातो. त्याच वर्षी, १९२९ मध्ये, बॅरिंजर वारला.

असाच खड्डा आपल्या महाराष्ट्रातही आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर मुलांना पुस्तकातून ठाऊक असते. बेसॉल्ट म्हणजे काळ्या कातळात झालेला, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा असून त्याचे वय अलीकडच्या मोजणीप्रमाणे सुमारे पावणेसहा लाख वर्षे आहे. १९७०च्या दशकात तेथे छिद्रे पाडून दगड तपासले, तेव्हा प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या. लोणारने आपल्याला ज्ञान दिले. लोखंडाची खाण तेथेही नाही.

या शतकातही काहींनी प्रयत्न केले. अमेरिकेत प्लॅनेटरी रिसोर्सेस या कंपनीने २०१२ साली मोठ्या धनिकांच्या पाठबळावर लघुग्रहांवर खाणी काढण्याची घोषणा केली. २०१८ साली ती विकली गेली. दुसरी एक कंपनी पुढच्याच वर्षी दुसऱ्याच्या हाती गेली. ॲस्ट्रोफोर्ज नावाच्या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लघुग्रहाच्या पाहणीसाठी छोटे यान सोडले, पण त्याच्याशी संपर्क तुटला. या लोकांना आम्ही हसत नाही. पडल्याशिवाय चालायला येत नाही. पण एकाही कंपनीने आजपर्यंत लघुग्रहावरचा एक ग्रॅम धातू विकलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तेथे काम कसे चालेल?

आता भट्टीवरच्या बंधूंना समजेल अशा भाषेत अडचणी सांगतो. बेन्नूसारख्या लहान दगडावर वस्तूला वजन जवळजवळ नसतेच. आपण पहार मारली तर दगड फुटण्याआधी पहारवालाच उलटा उडेल. बेन्नूला यानाचा हात टेकला तेव्हा तो घट्ट खडक नसून सैल खडीचा ढीग आहे असे कळले. हात सुमारे अर्धा मीटर आत घुसला. अशा ठिकाणी यंत्र रोवणार कशावर?

समजा माल काढला. मग तो गाळावा लागेल. आपल्या भट्टीत स्लॅग वर तरंगतो आणि जड धातू खाली बसतो, कारण पृथ्वी त्यांना खाली ओढते. तेथे ओढ नाही, म्हणून स्लॅग वर येणार नाही. तापवायला सूर्य आहे, पण निववायला ना पाणी, ना वारा. बिघाड झाला तर शिफ्टच्या फिटरला हाक मारता येत नाही. सायकीपर्यंत यान जायलाच सहा वर्षे लागतात.

मौल्यवान प्लॅटिनमचेही तसेच. उल्केच्या लोखंडात ते मिळते, पण एका टनात फार तर काही तोळे. तेवढ्यासाठी एक टन धातू तेथेच गाळावा लागेल.

तर मग सगळेच अशक्य आहे काय? तसे नाही. जाणकारांना सर्वांत जवळची वाटते ती धातूची खाण नव्हे, पाण्याची. काळ्या लघुग्रहांच्या मातीत पाणी मुरलेले आहे. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात आणि तेच अग्निबाणाचे इंधन. पृथ्वीवरून इंधन वर नेणे फार महाग पडते. म्हणून आकाशातले पाणी आकाशातच वापरले तर हिशेब जुळू शकतो. त्यालाही कित्येक वर्षे लागतील, पण हे शक्यतेतले आहे. थोडक्यात, आकाशातला माल आकाशात वापरणे जमू शकेल. तो खाली आणून बोईसरच्या बाजारात विकणे जमणार नाही.

आणि उद्या जमलेच तर? तर भाव पडेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'जर्मन'चे पातेले आठवत असेल, म्हणजे ॲल्युमिनियमचे. दीडशे वर्षांपूर्वी हा धातू इतका महाग होता की १८८४ साली वॉशिंग्टनच्या उंच स्मारकाच्या टोकावर मानाने ॲल्युमिनियम बसवले गेले. १८८६ साली तो विजेने स्वस्तात काढण्याची रीत सापडली आणि पुढे तो गरिबाच्या चुलीवर आला. धातू मुबलक झाला की तो कोणाला अब्जाधीश करीत नाही. भांडे स्वस्त होते, एवढेच.

भट्टीचे काय?

आता वडिलांचा प्रश्न. बंधू, आकाशातल्या लोखंडाने तुमची भट्टी बंद पडणार नाही. जगात वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद तयार होते. त्याच्यापुढे १२१ ग्रॅमची काय कथा!

तुमच्या भट्टीचे भवितव्य जमिनीवरच ठरते. स्टेनलेसच्या नेहमीच्या उत्तम जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेलसाठी आपला देश परदेशांवर अवलंबून आहे. सर्वांत जास्त निकेल इंडोनेशियात निघते आणि भाव ठरतो लंडनच्या बाजारात. ८ मार्च २०२२ रोजी तेथे निकेलचा भाव काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि सौदे बंद करावे लागले. अशा दिवशी बोईसरच्या कामगाराच्या ओव्हरटाइमवर परिणाम होतो. तेव्हा बातम्यांत लक्ष ठेवायचे असेल तर निकेलच्या भावावर, विजेच्या दरावर आणि भंगाराच्या आवकेवर ठेवावे. भट्टीत पडणारे स्टेनलेसचे भंगार हीसुद्धा एक खाणच आहे. त्यात निकेल आयते असते, आणि ते आणायला अग्निबाण लागत नाही.

खाण कोणाची?

एक प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही, पण तो आपण विचारलाच पाहिजे. उद्या आकाशात खाण निघालीच, तर ती कोणाची?

कच्चा माल दुसऱ्याच्या हातात असला म्हणजे काय होते, हे तारापूरने पाहिले आहे. १९६९ साली येथे देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून येत असे. १९७४ साली भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि त्या पुरवठ्यात अडथळे सुरू झाले. पुढे फ्रान्सकडून, नंतर चीन आणि रशियाकडून इंधन घ्यावे लागले. आणि ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो त्यांचे काय होते, हेही येथे दिसले. तीन आणि चार क्रमांकांच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. वीज साऱ्या देशाला मिळाली, घर मात्र त्यांचे गेले.

अवकाशासाठी १९६७ साली जगातल्या देशांनी करार केला. कोणताही देश चंद्रावर वा इतर गोलांवर मालकी सांगणार नाही, असे त्यात आहे. १९७९ च्या दुसऱ्या करारात तेथली संपत्ती साऱ्या मानवजातीचा वारसा मानली आहे. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिली नाही. मोठ्या देशांनी तर त्याकडे पाठच फिरवली. उलट २०१५ साली अमेरिकेने कायदा केला की आपल्या नागरिकांनी लघुग्रहावरून काढलेला माल त्यांच्याच मालकीचा. २०१७ साली लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशानेही तसेच केले. जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली. अवकाशातला माल काढणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजे दगड कोणाचाच नाही, पण काढलेला माल काढणाऱ्याचा! ज्याच्याकडे अग्निबाण, त्याच्याकडे खाण. गावच्या पाणवठ्याचा इतिहास ज्यांनी सोसला, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि त्यांनी मजुरांची स्थिती डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. खाणीकडे पाहताना बाबासाहेबांनी आधी माणूस पाहिला, आणि मग माल कोणाचा हे विचारले. आकाशातल्या खाणीलाही आपण हीच पट्टी लावावी.

फंडाचे पैसे

राहिले आमचे निवृत्त बंधू. त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. एक पैसाही लावू नका.

या नावाखाली देशभर फसवणुकी झालेल्या आहेत. 'राइस पुलर' हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. वीज पडलेले तांब्याचे भांडे दाखवतात. ते तांदळाचे दाणे ओढते, त्यात इरिडियम नावाचा दुर्मिळ धातू आहे आणि नासा ते कोट्यवधींना विकत घेणार आहे असे सांगतात. तपासणीच्या नावाखाली पैसे उकळतात आणि पसार होतात. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी अशा प्रकरणात एका बाप-लेकाला अटक केली. त्यांनी एका व्यापाऱ्याला सुमारे दीड कोटींना गंडवल्याचा आरोप होता. शिकलेला व्यापारी फसतो, तेथे आपली काय कथा? कोणतीही अवकाश संस्था दारोदार भांडी विकत घेत फिरत नाही. सहा महिन्यांत दहापट देणारी योजना जमिनीवरची असो वा आकाशातली, ती लबाडीच असते. कोणी फसला असेल तर लाजू नये, पोलिसांत तक्रार द्यावी आणि दहा शेजाऱ्यांना सावध करावे.

भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः तपासा, आणि हिताचे असेल तरच घ्या. आम्ही वर केला तो भागाकार म्हणजे या उपदेशाचेच पालन होय.

पुढच्या रविवारी आम्ही विहारात गेलो आणि हे सारे सांगितले. वडिलांच्या कपाळावरची आठी गेली. निवृत्त बंधूंनी पैसे बँकेत ठेवल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती आमच्यापेक्षाही जास्त खुश दिसल्या. मुलगा मात्र हिरमुसला. "म्हणजे काही मिळणारच नाही?" तो म्हणाला.

आम्ही त्याला म्हटले, "बाळ, मिळाले आहे की! बेन्नूच्या त्या पुडीत शास्त्रज्ञांना सजीवांच्या शरीरातल्या प्रथिनांचे १४ घटक सापडले. जानेवारी २०२५ मध्ये ते जाहीर झाले. आपण कोठून आलो याचा धागा त्या धुळीत आहे. आणि भारतही मागे नाही. चंद्रावरची माती आणण्याच्या चांद्रयान-४ मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटींची मंजुरी मिळाली आहे. त्यासाठी यंत्रे घडवावी लागतील, वेल्डिंग करावे लागेल, धातू पारखावे लागतील. इस्रोत टेक्निशियनच्या जागांसाठी दहावी आणि आयटीआय झालेली मुले घेतात. धातुशास्त्र मुंबईच्या आयआयटीत शिकवतात आणि पुण्याच्या सीओईपीतही. तुझ्या वडिलांना भट्टीतला रंग पाहून धातू समजतो. तू त्याचे शास्त्र शिक."

मुलगा काही बोलला नाही. वर्ग सुटल्यावर पाहिले, तर तो फळ्यासमोर उभा राहून खडूने भागाकार करीत होता. ११६ कोटी भागिले १२१.६. त्याचे वडील शेजारी उभे राहून शून्ये मोजत होते.

आकाशातली खाण उघडेल तेव्हा उघडो. घराघरातून अशी वही उघडली, तर आपला समाज त्या दारात मागे उभा असणार नाही, अशी आम्हाला खात्री वाटते.

जय भीम! नमो बुद्धाय!